पूजेतला पेचकस

यंत्रं सणाच्या दिवशी बंद पडतात. इतक्या वर्षांच्या नोकरीतला हा माझा अनुभव आहे आणि त्यात दैव वगैरे काही नसतं. सणाच्या आदल्या दिवशी माणसं यंत्रं साफ करतात, एवढंच त्याचं कारण. वर्षभर ज्या डब्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, त्याला दसऱ्याच्या तोंडावर एकदम फडकं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी तो डोळे मिटतो. मग मला बोलावतात.

दोन हजार सालाच्या अलीकडे-पलीकडे मी वर्ध्यातल्या एका लहानशा कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीचं काम करत होते. राहायला नालवाडीत भाड्याची खोली होती. दुकानात बाई मी एकटी आणि लिनक्स कळणारीही मी एकटी. त्यामुळे ज्यांच्याकडे काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं दिसत, ती सगळी गिऱ्हाइकं माझ्या वाट्याला येत. फुकट ते पौष्टिक या न्यायानं आमच्या भागातल्या दोन-तीन व्यापाऱ्यांनी ते घेतलं होतं. चाललं की वर्षानुवर्षं निमूट चालायचं, आणि अडलं की मालक त्याच्याकडे घरात शिरलेल्या परक्या माणसासारखं पाहायचे.

त्या दसऱ्याला सकाळी घरमालकांच्या फोनवर माझ्या दुकानमालकांचा निरोप आला. हिंगणघाटच्या एका जिनमधला, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधायच्या कारखान्यातला, सर्व्हर बोलेनासा झाला आहे, दुपारी कापूसखरेदीचा मुहूर्त आहे, ताबडतोब जा. मी श्रीखंडासाठी चक्का टांगून ठेवला होता. तो तसाच टांगता ठेवून मी हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली, वाटेत दुकान उघडून ड्रॉवरमधलं एकुलतं एक नेटवर्क कार्ड घेतलं आणि स्टँडवर गेले.

हिंगणघाटची एसटी रिकामी होती. नागपूरच्या गाड्या मात्र दारापर्यंत भरलेल्या. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, कडेवर मुलं, हातात जेवणाचे डबे. दसऱ्याला आमच्याकडे एकाच दिवशी दोन सण येतात. एका घरी पाटावर हत्यारं मांडून पुजतात, आणि दुसरं घर पहाटे उठून नागपूरला दीक्षाभूमीवर जायला निघतं. मी दोन्हीकडे नसते. मी बहुधा कोणाच्या तरी टेबलाखाली असते.

जिनच्या फाटकाशी वजनकाटा होता आणि काट्याला लागून एक लहान खोली. कापसाची बैलबंडी किंवा ट्रक आला की तिथल्या कॉम्प्युटरवर वजन चढायचं आणि चिठ्ठी छापून निघायची. पण तो कॉम्प्युटर म्हणजे नुसतं तोंड. डोकं आत ऑफिसात, सर्व्हरमध्ये. दोघांच्या मध्ये एक लांबलचक केबल. त्या खोलीच्या सावलीत बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. अंगावर पांढरी साडी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीचे बंद मुठीत धरलेले. तिच्याजवळ उभा होता तो तिथला ऑपरेटर. तोच मला सामोरा आला.

हा माणूस तिशीतला होता. त्याच्या आजानं त्या जिनमध्ये गाठी बांधल्या, बापानं उचलल्या. हा बी. कॉम. झाला, वर्ध्याला येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि त्याच जिनमध्ये पंख्याखाली बसला. शांत, इस्त्रीच्या सदऱ्यातला, आणि कामात चोख. फोनवर त्याच्याशी अनेकदा बोलले होते. गिऱ्हाईक म्हणून मला आवडायचा, कारण जे झालं तेच सांगायचा. आमच्या धंद्यात हा गुण दुर्मीळ.

"मॅडम, हे माही आई," तो म्हणाला. "हिले नागपूरले न्यायचं आहे. शेठजी म्हणते, मशीन चालू झाली का जाय."

"वस्तीतलं कोणी नाही का सोबत?"

"वस्तीतला ट्रक पहाटेच गेला. म्हटलं, तू त्याईच्या संगं जाय. आयकत नाई."

म्हातारीनं माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला दिसत होता.

"मले दिसत नाई बाई बराबर," ती म्हणाली. "तेवढ्या गर्दीत परक्याचा हात धरून काऊन जाऊ?"

छप्पन साली ती बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. तेव्हापासून तिचा एक दसरा चुकला नव्हता. ओली बाळंतीण असताना पोर पदराखाली घेऊन गेली, ते पोर म्हणजे हा. हे सगळं त्यानं मला ऑफिसकडे चालता चालता सांगितलं, आणि सांगताना दोनदा मागे वळून पाहिलं. उन्हं वर येत होती. नागपूर तिथून एसटीनं दोनेक तासांच्या वाटेवर, पण त्या दिवशी रस्त्याचा काही भरवसा नव्हता. दोघं लवकर निघाली नाहीत तर आईचा दसरा चुकणार होता. मला त्याच्याशी काय करायचं होतं? मी कार्ड बदलायला आले होते. तरी पाय थोडे भरभर पडले, हे खरं.

हत्यारांची पिशवी ऑफिसच्या ओसरीवर ठेवून मी आत शिरले. सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची मुनीमजींची खोली. सर्व्हरचं खोकं दिवाळीच्या भांड्यासारखं लख्ख होतं. मला तिथेच शंका आली. मागे वाकून पाहिलं तर तेलाचा वास आला.

"कशानं पुसलात?"

त्यानं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुसलं नाई. काल कॉम्प्रेसरनं हवा मारली. मांगच्या जाळीतून."

जिनच्या यंत्रांवर बसलेली रुई उडवायला कॉम्प्रेसर असतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याची हवा मारून सगळा जिन साफ करतात. त्या हवेत पाणी असतं, तेल असतं. लोखंडाच्या धुडाला त्याचं काही वाटत नाही. सर्व्हरच्या पोटातली पत्त्याएवढी पाटी मात्र त्यानं मरते. ज्या माणसानं जन्मात जिन पाहिला नाही, त्याच्याकडून ही चूक झालीच नसती. ती जिनमध्ये वाढलेल्या माणसाचीच चूक होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं हे करायला?"

"कोणी नाई. आज पूजा असते नं. मी दसऱ्याले राहत नाई इथं. सगळे व्यापारी येते, एकेक मशीन पाह्यते. माह्या हातचं मशीन मळकं दिसू नये म्हून."

मला राग आला होता. या वाक्यानंतर तो टिकला नाही.

"शेठजीले सांगसान काय?" त्यानं विचारलं.

"विचारलं तर पाहू," मी म्हणाले.

सर्व्हर जिवंत होता. पडद्यावर अक्षरं येत होती, हिशेब जागच्या जागी होते. फक्त बाहेरचं जग त्याला ऐकू येत नव्हतं. केबल जिथं खुपसतात तिथला हिरवा दिवा विझलेला. केबल बदलून पाहिली, भोक बदलून पाहिलं. सर्व्हरला विचारलं, तुझ्या पोटात नेटवर्क कार्ड आहे का? त्यानं सरळ सांगितलं, नाही. डोळ्यांना दिसत होतं पण त्याला दिसत नव्हतं, म्हणजे कार्ड गेलं. काम सोपं होतं. खोकं उघडायचं, जुनं काढायचं, नवं बसवायचं. म्हातारी जेवणाच्या वेळेपर्यंत एसटीत बसली असती.

मी ओसरीवर आले तर पिशवी नव्हती.

पिशवी सापडली पूजेत. जिनच्या मोठ्या दालनात पांढरं कापड अंथरून कारखान्यातली सगळी हत्यारं मांडली होती. पाने, पकडी, हातोडे, पहारी, गाठी ओढायचे आकडे, वजनाची मापं, कात्री, मुनीमजींचं पेनसुद्धा. आणि मधोमध माझी पिशवी उलगडून ठेवलेली. माझे पेचकस उंचीप्रमाणे ओळीनं लावले होते आणि प्रत्येकाला हळद-कुंकू, प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूची पाकळी. आमच्याकडे स्क्रू ड्रायव्हरला पेचकस म्हणतात. माझ्या पेचकसांनी असे दिवस कधी पाहिले नव्हते. दुकानात मालक त्यांनी रंगाचे डबे उघडत.

"या मॅडम," शेठजी म्हणाले. साठीचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, बोलायला मऊ. "तुमचे पण हत्यार बसवले पूजेत. आजच्या दिवशी दारी आलेला कारागीर आपला, त्याचे हत्यार पण आपले."

त्यांनी ते अगदी मनापासून केलं होतं. तरी मी जे होतं ते बोलले. "शेठजी, मला त्यातला एक लागणार आहे."

शेठजींचा चेहरा हळूहळू बदलला. एकदा पूजेत बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेशिवाय उचलायचं नाही, ही तिथली रीत. आमच्याकडे घरोघर हीच रीत आहे. माझी आई त्या दिवशी भाजी चिरत नसे, आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. मी नाण्यानं स्क्रू फिरतो का पाहिलं. सर्व्हरच्या स्क्रूला फुलीची खाच होती, नाणं त्यात बसेना. दुसरा पेचकस आणावा म्हटलं तर बाजार बंद, आणि दुकानंच काय, शेठजींच्या घरची विळीसुद्धा पाटावर होती.

"मग आजची चिठ्ठी हातानं लिहा," मी म्हणाले. "इतकी वर्षं लिहीतच होतात."

"कसे लिहू मॅडम? सगळ्या व्यापाऱ्यांना सांगितले आहे, यंदा मुहूर्ताची चिठ्ठी मशीनमधून निघणार. मुहूर्ताला मशीन नाही बोलले तर वर्षभर लोक तेच बोलतील."

"मग मी माझा पेचकस घेते. दोष लागला तर मला लागू द्या."

मी वाकले तशी शेठजी हात जोडून मध्ये उभे राहिले. "तुम्ही नका. तुम्ही घेतला तर पूजा मोडेल."

शेठजींची नजर दालनात फिरली आणि दाराशी थांबली. दारात, चपलांच्या ओळीपलीकडे, ऑपरेटर उभा होता. तो पूजेला कधी आत येत नसे. त्याला कोणी बोलावत नसे आणि तोही येत नसे, इतकं ते जुनं आणि बिनतक्रारीचं होतं.

"तू घे रे," शेठजी त्याला म्हणाले. "तुमच्यात हे काही नसते ना."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे त्याने उचलले तर दोष नाही, मॅडम. ते लोक मानत नाहीत. त्याचे काय..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. बाकीची माणसं झेंडूच्या माळांकडे बघू लागली.

अडला हरी, ही म्हण माझ्या तोंडापर्यंत आली होती. तिच्या पुढच्या भागात गाढव आहे हे वेळीच आठवलं आणि ती गिळली. त्यानं नाही म्हणावं असं मला फार वाटलं. पण नाही म्हणायला त्याच्याकडे वेळ नव्हता. फाटकाशी आई बसली होती. त्यानं चपला काढल्या, आत आला, वाकून फुलीचा पेचकस उचलला. कुंकू पुसलं नाही, पाकळी झटकली नाही. ती आपोआप पडली.

मग जे झालं ते बाहेरून कोणी पाहिलं असतं तर पोट धरून हसलं असतं. मी हात मागे बांधून उभी, तो सर्व्हरपुढे गुडघ्यावर, आणि शेठजी दारात, मी चुकून कशाला हात लावत नाही ना हे पाहायला.

"आधी मशीन रीतसर बंद करा. वायर काढा. आता खोक्याच्या लोखंडाला हात टेकवा, अंगातली वीज उतरू द्या. मागचे स्क्रू काढा. झाकण मागे सरकवा, वर नाही."

त्याचा हात स्थिर होता. कार्डाचा स्क्रू सुटला. कार्ड दोन्ही टोकांना धरून सरळ वर ओढायला सांगितलं, तसं त्यानं ओढलं. खालच्या बाजूला सोन्याच्या दातांवर तेलानं पिवळी झालेली रुई चिकटली होती. त्यानं ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल पसरला, कार्ड त्यात घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. ते काही पूजेतलं नव्हतं, त्यामुळे मला चाललं.

नवं कार्ड बसलं, मशीन चालू झालं, आणि हिरवा दिवा लागला नाही. त्याचा चेहरा उतरला. मला मात्र ते अपेक्षित होतं. नवं कार्ड दुसऱ्या कंपनीचं होतं आणि सर्व्हर अजून जुन्याच्याच नावानं हाका मारत होता. एका फाइलीत एक ओळ बदलायची, नव्या कार्डाला जो ड्रायव्हर लागतो त्याचं नाव लिहायचं, की झालं. पण त्यासाठी कीबोर्डावर बसायला हवं होतं मला. आणि मी मुद्दाम दाराकडे पाहिलं.

"शेठजी, बटणं दाबू का? की तीही हत्यार?"

धर्मशास्त्रात कीबोर्डाची सोय नव्हती. शेठजींनी डोळे मिटले, विचार केला आणि तिथल्या तिथं निवाडा दिला. "बटणे हत्यार नाही."

मी ओळ बदलली. ड्रायव्हर चढला. हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि मग नीट लागला. काट्याच्या कॉम्प्युटरला मी इथून हाक घातली, आणि त्याची उत्तरं एकाखाली एक पडद्यावर येत राहिली. इतक्या वेळा पाहिलेली ती ओळ, पण ती आली की मला अजूनही बरं वाटतं. ऑपरेटर काट्याच्या खोलीत धावत गेला आणि खिडकीतून हात हलवला. झाकण लावलं, स्क्रू बसले, पेचकस त्यानंच नेऊन जागेवर ठेवला. पूजा जशीच्या तशी दिसत होती.

"चला," मी त्याला म्हणाले. "निघा आता."

"आता कुठे?" शेठजी म्हणाले. "मुहूर्त दुपारी आहे. ही चिठ्ठी याच्याशिवाय कोण काढणार? मुहूर्त होऊ दे, मग जा."

सकाळी ते म्हणाले होते, मशीन चालू झाली की जा. ते त्यांना आठवत नव्हतं असं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो काही बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्याचाही मला राग आला. तेवढ्यात म्हातारी भिंतीला हात लावत लावत ऑफिसपर्यंत आली. पायरीखाली थांबली. वर आली नाही.

"झालं काय रे?" तिनं विचारलं.

"झालंच आहे बाई," शेठजी मऊपणानं म्हणाले. "बसा थोडा वेळ. चहा पाठवतो."

"साहेब, दिवस गेल्यावर मले काईच दिसत नाई," ती म्हणाली. "उजेडी पोचलो तं बरं होईन."

मी म्हणाले, "चिठ्ठी मी काढते."

"तुम्ही? काट्यावर?"

"बटणं हत्यार नाही, शेठजी. आत्ताच तुम्ही म्हणालात."

आपलाच निवाडा माणसाला मोडता येत नाही, निदान चार लोकांसमोर तरी. शेठजी थोडं हसले, थोडं नाही, आणि बाजूला झाले. ऑपरेटरनं मला काट्याच्या खोलीत नेऊन दाखवलं. इथं शेतकऱ्याचं नाव, इथं गाव, भरल्या बंडीचं वजन, मग रिकाम्या बंडीचं, मग हे बटण. सांगताना तो इतका घाईत होता की शेवटचं बटण दोनदा सांगितलं. मग आईची पिशवी खांद्याला लावली. म्हातारीनं निघताना हात पुढे करून माझा दंड शोधला आणि दाबला.

"सुखी राह्य पोरी," ती म्हणाली. मग तोच हात तिनं मुलाच्या हातात दिला. दोघं फाटकातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याकडे गेली. मला त्या क्षणी फार आनंद झाला, तो मी कोणाला दाखवला नाही.

मुहूर्त छान झाला. बैलांना माळा घातलेली पहिली बंडी काट्यावर चढली, शेतकऱ्याला टिळा लागला, टोपी-नारळ मिळालं. मी बटण दाबलं. प्रिंटर करकरला, चिठ्ठी निघाली, व्यापाऱ्यांनी ती हातोहात फिरवली. शेठजी सर्व्हरला माळ घालायला निघाले, तेव्हा त्याच्या जाळीवर फूल ठेवायचं नाही एवढं मी बजावलं. निघताना त्यांनी विचारलंच.

"बिघडले कशाने होते मॅडम?"

"हवेनं," मी म्हणाले.

"बरोबर," ते म्हणाले. "रस्त्यावरचे ट्रक वाढले तेव्हापासून इथली हवाच खराब झाली." 

पेचकस पूजेतच राहिले. मी मोकळ्या खांद्यानं वर्ध्याला आले. चक्का आंबट झाला होता. साखर जास्त घालून खाल्ला.

दिवाळीच्या आत केव्हातरी ऑपरेटर माझी पिशवी घेऊन दुकानात आला. पेचकसांच्या मुठींच्या खाचांत कुंकू तसंच होतं. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला.

"पोचलात का त्या दिवशी?" मी विचारलं.

"पोचलो. दिवस होता अजून. आईनं दर्शन घेतलं, मंग तिथंच मैदानात बसलो शिदोरी सोडून. तिनं इचारलं, एवढा वेळ काऊन लागला रे? म्हून मी सगळं सांगितलं. पेचकस कसा उचलला ते."

मला वाटलं, म्हातारी हसली असेल. ती गंमत मी स्वतः दुकानात दोनदा सांगून झाले होते आणि दोन्ही वेळा लोक हसले होते.

"मग काय म्हणाल्या?"

तो कपाकडे पाहत बोलला. "म्हणे, माह्या सासऱ्याचा हात त्या जिनात कापसाले चाले, गाठीले चाले. पाण्याच्या माठाले चाले नाई. आता तुहा हात त्याईच्या पूजेत चालला. काऊन चालला, इचारलं काय तू?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, तुले उशीर होऊन राह्यला होता. मंग ते म्हणे, म्हणजे माह्यापायी तू हात लावला." त्यानं चहा संपवला. "मंग शिदोरी बांधली. उठताना म्हणे, पुढच्या साली असं म्हटलं तं नाई म्हणजो. माहा दसरा चुकला तरी चालन मले."

चहा झाल्यावर तो हिंगणघाटच्या गाडीनं गेला. ती गंमत मी त्यानंतर दुकानात सांगितली नाही. त्या दिवशी तिथं उभी राहून मी एवढं सगळं पाहिलं होतं, मनातल्या मनात चिडलेही होते, आणि तरी मला त्यात शेवटी गंमतच दिसली होती. म्हातारीला तर डोळ्यांनी दिसत नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला सकाळी घरमालकांच्या फोनवर थेट शेठजीच होते. काट्याच्या खोलीतला प्रिंटर कागद ओढेना झाला होता. मागचं झाकण उघडून पाहायला हवं होतं आणि हत्यारं पाटावर बसली होती.

"ऑपरेटर नाही का?" मी विचारलं.

"होता. नऊच्या गाडीने आईला घेऊन गेला." शेठजींचा आवाज नेहमीसारखा मऊ नव्हता, पण रागावलेलाही नव्हता. गोंधळलेला होता. "मी म्हटले, जाता जाता तेवढा पेचकस उचल बाबा, झाकण खोल. तर काय म्हणावे त्याने? शेठजी, आज माहाही सण आहे. मी आज हत्याराले हात लावत नाई."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आता हे कोण खोलणार मॅडम? दुपारी मुहूर्त आहे. येता ना तुम्ही?"

"उद्या सकाळी येते, शेठजी," मी म्हणाले. "आज दसरा आहे."